‘प्रेक्षकांना आवडला नाही’ म्हणजे नक्की कोणाला? : ‘स्टॉर्मब्रेकर’च्या निमित्ताने प्रतिसादाचा अभ्यास



माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं : ‘समीक्षक आणि प्रेक्षक या दोघांनीही नाकारल्यामुळे हा चित्रपट अपयशी ठरला.’ सादरीकरणाच्या वेळी समितीतल्या एका मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, "प्रेक्षक म्हणजे कोण? त्यांतल्या किती जणांचं म्हणणं तुम्ही ऐकलंय?" मी म्हणाले, "मॅडम, रेटिंग बघितलंय." त्या फक्त हसल्या. सिनॉप्सिस दुरुस्तीसाठी परत आला आणि माझे पुढचे चार महिने त्या एका वाक्यात गेले.

त्या चार महिन्यांत जे कळलं ते आज तुमच्यापुढे मांडते. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काही जण विषय शोधताय. ‘अमुक चित्रपटाला मिळालेला प्रतिसाद’ हा विषय सोपा वाटतो, कारण सामग्री घरबसल्या मिळते. पण गंमत अशी की जी सामग्री सहज मिळते, तिच्यात नेमका हवा तो प्रेक्षक नसतो. हे नीट कळावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ.

उदाहरण : ‘स्टॉर्मब्रेकर’ (२००६)

अँथनी हॉरोविट्झ हे ब्रिटिश लेखक. २००० साली त्यांची ‘स्टॉर्मब्रेकर’ ही कुमार कादंबरी आली. नायक ॲलेक्स रायडर, वय १४. काका वारल्यावर त्याला कळतं की ते बँकेत नव्हे, गुप्तहेर खात्यात काम करत होते, आणि मग ते खातं त्यालाच मोहिमेवर पाठवतं. एक उद्योगपती ब्रिटनमधल्या शाळांना फुकट संगणक वाटणार असतो आणि त्या संगणकांत देवीच्या रोगाचे विषाणू दडवलेले असतात. पुस्तक खूप चाललं. २००५ पर्यंत मालिकेत सहा पुस्तकं झाली होती.

२००६ मध्ये चित्रपट आला. दिग्दर्शक जेफ्री सॅक्स, पटकथा खुद्द हॉरोविट्झ यांची. ॲलेक्सच्या भूमिकेत ॲलेक्स पेटिफर हा नवखा मुलगा, पण त्याच्या भोवती यूअन मॅकग्रेगर, मिकी रूर्क, बिल नाय, सोफी ओकोनेडो, स्टीफन फ्राय, अँडी सर्किस अशी तगडी मंडळी. मारामारीची दृश्यं हाँगकाँगच्या डॉनी येन यांनी बसवलेली. खर्च सुमारे ४ कोटी डॉलर सांगितला जातो, जगभरातली कमाई सुमारे २.४ कोटी डॉलर. पुढचे भाग निघायचे होते, ते निघालेच नाहीत.

आता माझं ते वाक्य परत वाचा. वरवर बघता ते बरोबरच वाटतं ना? चला, त्याचा एकेक टाका उसवू.

समीक्षक कोणासाठी लिहितो?

‘रॉटन टोमॅटोज’वर या चित्रपटाचा आकडा साधारण एक तृतीयांशाच्या घरात आहे. नवा विद्यार्थी लगेच लिहितो : ‘चित्रपटाला शंभरपैकी तेहतीस-पस्तीस गुण मिळाले.’ ही पहिली चूक. तो आकडा गुणांची सरासरी नाही. प्रत्येक परीक्षण ‘एकूणात अनुकूल’ की ‘एकूणात प्रतिकूल’ एवढंच ठरवतात आणि अनुकूल परीक्षणांची टक्केवारी काढतात.

फरक काय पडतो? समजा, दहा समीक्षकांनी एका चित्रपटाला दहापैकी सहा-सहा गुण दिले. सगळ्यांना ‘ठीक आहे’ वाटला, तरी आकडा येईल १००. दुसऱ्या चित्रपटाला सहा जणांनी नऊ-नऊ आणि चौघांनी पाच-पाच गुण दिले, तर सरासरी जास्त असूनही आकडा येईल ६०. म्हणजे हा आकडा किती जणांना बरा वाटला ते सांगतो, किती बरा वाटला ते सांगत नाही. कुठलाही तयार आकडा वापरण्याआधी तो शिजला कसा, हे पद्धतीच्या प्रकरणात लिहा. परीक्षक तिथेच बोट ठेवतात.

आकडा बाजूला ठेवून परीक्षणं प्रत्यक्ष वाचली की दुसरी गोष्ट दिसते. बाँडशी तुलना पुन्हा पुन्हा येते. ‘स्पाय किड्स’ (२००१) आणि ‘एजंट कोडी बँक्स’ (२००३) यांच्याशीही येते. एवढे मोठे नट आणि त्यांना काम इतकं थोडं, ही तक्रार येते. आणि एक सूर सारखा भेटतो : मोठ्यांना यात फारसं काही नाही, मुलांना मात्र चालून जाईल.

हे शेवटचं वाक्य पकडून ठेवा. समीक्षक प्रौढ आहे. तो स्वतःचा प्रतिसाद देतोय आणि सोबत मुलांच्या प्रतिसादाचा अंदाजही देतोय. संशोधनाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पहिली पुरावा म्हणून चालेल. दुसरी मुलांबद्दलचा पुरावा नाही, प्रौढांना मुलं कशी वाटतात याचा पुरावा आहे. मी या दोन्ही नोंदी एकाच रकान्यात टाकल्या होत्या.

तिकीटबारी म्हणजे आवडनिवड का?

दुसरा टाका कमाईचा. अमेरिकेत हा चित्रपट ऑक्टोबर २००६ मध्ये ‘ॲलेक्स रायडर : ऑपरेशन स्टॉर्मब्रेकर’ या नावाने लागला आणि तिथे त्याची कमाई दहा लाख डॉलरपर्यंतसुद्धा गेली नाही. ‘अमेरिकन प्रेक्षकांनी साफ नाकारला’ असं लिहून मी मोकळी झाले होते.

मग किती चित्रपटगृहांत लागला ते शोधलं. सव्वादोनशेच्या आसपास! मोठे चित्रपट तिथे एकाच वेळी दोन-तीन हजार ठिकाणी लागतात. ज्या मुलाच्या गावात चित्रपट लागलाच नाही, त्याने तो ‘नाकारला’ असं कसं म्हणणार? वितरणाच्या या निर्णयावर हॉरोविट्झ यांनी नंतर जाहीर नाराजीही व्यक्त केली. इथे आपण मोजतोय वितरकाचा निर्णय आणि त्याला नाव देतोय प्रेक्षकांच्या प्रतिसादाचं.

ब्रिटनमध्ये गोष्ट वेगळी. तिथे तो २१ जुलै २००६ ला, शाळांच्या उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर, नीट प्रदर्शित झाला. पण त्याच जुलैत ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’चा दुसरा भाग आणि ‘सुपरमॅन रिटर्न्स’ आधीपासून पडद्यावर होते. घरातले सगळे मिळून सुट्टीत एकच चित्रपट बघणार असतील, तर कुठला बघायचा हे बऱ्याचदा आईबाबा ठरवतात. तिकीट काढणारा आणि बघणारा वेगळा असला की कमाईवरून आवड काढणं अवघड होतं. मुलांच्या चित्रपटांच्या बाबतीत हे कायमच लक्षात ठेवावं लागतं.

पुस्तक डोक्यात घेऊन आलेला प्रेक्षक

लिंडा हचन या कॅनेडियन अभ्यासक बाईंचं रूपांतराच्या सिद्धांतावरचं पुस्तकही योगायोगाने २००६ चंच. त्यांचं एक निरीक्षण फार कामाचं आहे : मूळ कलाकृती माहीत असलेला प्रेक्षक आणि माहीत नसलेला प्रेक्षक एकाच पडद्यावर दोन वेगळे अनुभव घेतात. पहिल्याच्या मनात पडद्यावरच्या चित्रपटामागे सतत दुसरं काहीतरी चालू असतं. जर्मन अभ्यासक हान्स रॉबर्ट याउस यांची ‘अपेक्षाक्षितिज’ ही संकल्पनाही इथे जोडून वाचा : वाचक कोऱ्या मनाने येत नाही, आधीच्या वाचनाने आखलेली एक रेघ घेऊन येतो.

‘स्टॉर्मब्रेकर’ वाचून आलेल्यांच्या तक्रारी बघा. पुस्तकातला खलनायक हेरॉड सेल मध्यपूर्वेतून आलेला, ब्रिटिश शाळेत हिणवला गेलेला. चित्रपटात तो डॅरियस सेल नावाचा अमेरिकन झाला. सबिना प्लेझर ही मैत्रीण पुस्तकमालिकेत तिसऱ्या भागात येते, चित्रपटात ती पहिल्यापासून हजर आणि ॲलेक्सबरोबर लंडनच्या रस्त्यांवरून घोडा दामटणारी. पुस्तकात ॲलेक्सला मिळणारं उपकरण गेम बॉयमध्ये लपवलेलं, चित्रपटात निन्टेंडो डीएसमध्ये. आणि सगळ्यांत मोठी तक्रार सुराची : पुस्तकातली भीती आणि एकटेपणा जाऊन थट्टामस्करी वाढली.

यातला प्रत्येक मुद्दा पुस्तक न वाचलेल्या मुलाला जाणवणारच नाही. त्याला घोड्यांचा पाठलाग धमाल वाटू शकतो. मग ‘प्रेक्षकांना बदल खटकले’ हे विधान तुम्ही कोणाबद्दल करताय? वाचकांबद्दल. तेवढंच लिहा.

आपल्याकडचा अनुभव आठवून बघा. भा. रा. भागवतांचा शाळकरी फास्टर फेणे २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघच्या रूपाने वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात आलेला तरुण झाला. त्या वेळी ज्यांनी पुस्तकं वाचली होती आणि ज्यांना फेणे चित्रपटातूनच पहिल्यांदा भेटला, त्यांच्या बोलण्यातला फरक तुमच्या घरातसुद्धा ऐकू आला असेल. एकाच सोफ्यावर बसलेले दोन प्रेक्षकवर्ग!

वाचक मोठे झाले, ॲलेक्स चौदाचाच राहिला

आता एक साधं गणित करू. पहिलं पुस्तक २००० चं. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी चित्रपट आला तेव्हा सोळाची झाली होती. पुस्तकांतही सूर हळूहळू गडद होत गेला. २००४ च्या ‘स्कॉर्पिया’च्या शेवटी तर ॲलेक्सला गोळी लागते. म्हणजे जुने वाचक मोठे झाले, पुस्तकंही त्यांच्याबरोबर थोडी मोठी झाली, आणि चित्रपट मात्र पहिल्या पुस्तकावर, पीजी प्रमाणपत्राच्या चौकटीत, घरातल्या सगळ्यांना चालेल अशा बेताने बनला. सोळाच्या मुलीला तो ‘बाळबोध’ वाटला तर त्यात तिचंही चुकत नाही आणि चित्रपटाचंही फार चुकत नाही. दोघांचं वेळापत्रक जुळलं नाही.

काळाची दुसरी बाजूही आहे. २०२० मध्ये ‘ॲलेक्स रायडर’ ही मालिका आली, ओटो फॅरंट नायक. तिने पहिल्या पुस्तकाची गोष्ट टाळून दुसऱ्या, म्हणजे ‘पॉइंट ब्लँक’पासून सुरुवात केली, सूर गंभीर ठेवला, आणि वाचकांनी तिचं बरंच स्वागत केलं. त्यानंतर २००६ च्या चित्रपटाबद्दल जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं मालिकेशी तुलना करत लिहिलेलं आहे. काही जण म्हणतात, आता कळतं चित्रपट किती फसला होता. काही जण उलट म्हणतात, निदान त्यात मजा तरी होती. तुम्ही २००६ ची आणि २०२१ ची मतं एकत्र करून सरासरी काढलीत, तर ती कुठल्याच काळाची राहणार नाही. प्रत्येक नोंदीपुढे तारीख हवीच. माझ्या पहिल्या तक्त्यात तारखेचा रकानाच नव्हता, हे आज सांगायला लाज वाटते.

मग बारा वर्षांचा मुलगा कुठे गेला?

आता मुद्द्यावर येते. हा चित्रपट ज्याच्यासाठी काढला तो दहा-बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. जुलै २००६ मध्ये चित्रपटगृहाच्या अंधारात ती हसली की कंटाळली, घरी येऊन भावाशी मारामारीचे डाव खेळली की विसरून गेली? माझ्या सगळ्या सामग्रीत तिचा आवाज जवळपास नव्हता. परीक्षणं प्रौढांची. कमाई पालकांच्या खिशातली. नंतरची मतं मोठ्या झालेल्या चाहत्यांची, तीही ज्यांना अजून बोलावंसं वाटतं अशांची. ज्याला चित्रपट बऱ्यापैकी आवडला आणि तो पुढे क्रिकेट खेळायला गेला, त्याची नोंद कुणीच ठेवली नाही.

मॅडमचा प्रश्न हाच होता. मी ज्या प्रेक्षकाच्या नावाने निकाल दिला होता, त्याचीच साक्ष माझ्याकडे नव्हती. मुलांच्या आवडीबद्दल आपण मोठी माणसं घरात असंच बोलतो, ‘त्याला नाही आवडत ते.’ घरात ते खपतं. प्रबंधात ते एका अख्ख्या समूहाच्या वतीने खोटी सही केल्यासारखं होतं.

यावर उपाय काय?

उपाय आहेत, आणि आधीच्या लोकांनी वाट करून ठेवली आहे.

पहिला, जिथे मुलांचा आवाज वेगळा नोंदवलाय अशा जागा शोधा. ‘कॉमन सेन्स मीडिया’ ही अमेरिकी संस्था पालकांची आणि मुलांची मतं वेगवेगळी ठेवते. तिथेही बोलणारा स्वतःहून आलेला असतो, पण निदान कोण बोलतंय ते कळतं. शाळांची नियतकालिकं, वर्तमानपत्रांतली मुलांची पानं, वाचकांची पत्रं हेही तपासा.

दुसरा, आठवणींना आठवणी म्हणून वापरा. ॲनेट कून यांनी १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये चित्रपट पाहिलेल्या वृद्धांच्या मुलाखती घेतल्या आणि २००२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांची भूमिका अशी की आठवण ही भूतकाळाची फोटोकॉपी नसते, पण माणूस काय जपून ठेवतो आणि ते कसं सांगतो, हा स्वतःच एक पुरावा आहे. २००६ मधला बारा वर्षांचा मुलगा आज तिशी ओलांडलेला आहे. त्याला विचारता येईल. फक्त प्रबंधात ‘२००६ चा प्रतिसाद’ असं न लिहिता ‘२००६ च्या प्रतिसादाची आजची आठवण’ असं लिहा.

तिसरा, चित्रपट आजच्या मुलांना दाखवायचा असेल तर प्रश्न नीट बनवा. मार्टिन बार्कर आणि सहकाऱ्यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिसऱ्या भागाच्या वेळी जगभरातून सुमारे २५ हजार प्रश्नावल्या गोळा केल्या. त्यात पर्यायांवर खूण करायची आणि लगेच त्याचं कारण आपल्या शब्दांत लिहायचं, अशी जोडी होती. ‘आवडला’ वर खूण करणारे दोघे किती वेगळ्या कारणांसाठी ती करतात, ते त्यामुळे दिसतं. मुलांबरोबर काम करताना पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार दोन्ही लागतात. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी काम सुरू करण्याआधी घ्या, नंतर नाही.

आणि चौथा, सगळ्यांत स्वस्त उपाय : विधान लहान करा. माझं दुरुस्त वाक्य आता असं आहे : ‘प्रौढ समीक्षकांच्या उपलब्ध परीक्षणांत प्रतिकूल सूर अधिक आहे; मूळ पुस्तकाच्या वाचकांच्या नोंदींत बदलांबद्दल नाराजी दिसते; चित्रपटाचा अभिप्रेत प्रेक्षक असलेल्या मुलांचा तत्कालीन प्रतिसाद उपलब्ध सामग्रीतून ठरवता येत नाही.’ वाक्य लांब झालं, दावा आखूड झाला. समितीने या वेळी काही खोडलं नाही. त्या मॅडमनी शेवटच्या ओळीखाली पुन्हा पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाल्या, "हाच तुमचा विषय." माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आता त्या ओळीवर उभं राहतंय, मुलाखतींचं काम सुरू आहे.

तुमच्यासाठी छोटा सराव

एखादं मराठी रूपांतर निवडा. पानाचे चार रकाने करा : कोण बोलतंय, वय साधारण किती, मूळ कृती वाचली आहे का, आणि तारीख. पंचवीस प्रतिक्रिया भरा. मग रिकामे किंवा जवळपास रिकामे राहिलेले कप्पे बघा. बहुतेक वेळा संशोधनाचा प्रश्न भरलेल्या रकान्यांपेक्षा त्या रिकाम्या कप्प्यांत सापडतो.

सराव करताना कुठे अडलात तर जरूर विचारा. मीसुद्धा अजून अडखळतच शिकतेय. पुढच्या लेखात मुलाखतीची प्रश्नावली बनवताना मी केलेल्या चुका सांगेन, त्या काही कमी नाहीत!